कोपर्निकस ब्राउझर: बळ्ळारी नाल्यापासून कृष्णेच्या पुरापर्यंत, आपल्या भागाला किती कामाचा?

सरळ सांगतो, कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या प्रत्येक हायस्कूलच्या भूगोलाच्या सरांनी आणि शिवाराच्या पाण्यासाठी अर्ज-निवेदनं देत फिरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं एकदा तरी उघडून बघायला पाहिजे. फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि आपल्या डोक्यावरून फिरणाऱ्या युरोपियन सॅटेलाइटचे फोटो तारखेसकट समोर येतात. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढं येईलच.

आधी हे काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतंय की गूगल मॅपवर दिसतंय तेच इथं दिसणार. तसं नाही. गूगल मॅपवरचा फोटो स्पष्ट असतोय, घराचं छप्परसुद्धा मोजता येतंय, पण वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेले असतात आणि गेल्या आठवड्यात शिवारात काय झालं ते त्यात कळत नाही. इथं उलटं आहे. सेंटिनेल-२ नावाचे सॅटेलाइट आहेत, पहिला जून २०१५ मध्ये सोडला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरा. दोन सॅटेलाइट मिळून साधारण दर पाच दिवसांनी तीच जागा परत टिपतात, सकाळी साडेदहाच्या आसपास. म्हणजे एका वर्षात आपल्या एकाच वाफ्याचे साठ-सत्तर फोटो, ढग मध्ये आले नाहीत तर.

एक पिक्सेल दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे आपला जवळपास एक गुंठा! हे कळलं तेव्हा मला सगळंच सोपं वाटायला लागलं. वीस गुंठ्याचा तुकडा असेल तर त्याचे वीसेक पिक्सेल, त्यातले बांधाकडचे सोडून द्यायचे कारण त्यात शेजाऱ्याचं पीक मिसळलेलं असतंय, मधले आठ-दहा धरायचे. दोन-तीन गुंठ्याच्या तुकड्याचं मात्र यातून काही खरं कळणार नाही, तिथं वेळ घालवू नका.

मी येळ्ळूरकडचा, आमची जमीन बळ्ळारी नाल्याच्या बाजूला. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर ह्या शिवारात जमीन असलेल्यांना वेगळं काय सांगायचं, पाऊस जोरात लागला की नाल्याचं पाणी भातात घुसतंय, चार-पाच दिवस ओसरत नाही, कधी पेरणी कुजते कधी परत लावणी करावी लागते, आणि पाणी उतरल्यावर कुणी बघायला आलं तर म्हणणार कुठं होतं पाणी, किती होतं. ह्याच प्रश्नासाठी मी हे वापरायला घेतलं.

पहिली अडचण लगेच आली ती म्हणजे ढग. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आकाश मोकळं असतंय कधी? सेंटिनेल-२ हा साधा कॅमेराच आहे, ढगाच्या खालचं त्याला दिसत नाही. जुलै-ऑगस्टच्या तारखा एकापाठोपाठ एक उघडल्या की नुसता पांढरा कापूस. आणि जिथं ढगात थोडी फट असते तिथं ढगाची सावली जमिनीवर काळी पडलेली असते, ती पाण्यासारखीच दिसते. खानापूरकडच्या डोंगरात तर थंडीच्या दिवसांत डोंगराच्या सावल्यासुद्धा पाणी म्हणून दाखवतंय. म्हणून काळं दिसलं की लगेच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका, साध्या रंगाच्या फोटोत ढग कुठं आहे ते आधी बघा.

ह्यावर उपाय त्याच वेबसाइटवर आहे आणि माझ्या मते ही साइट वापरायचं खरं कारण तेच आहे. डाव्या बाजूला सेंटिनेल-१ निवडायचं. हा रडारचा सॅटेलाइट, पहिला एप्रिल २०१४ मध्ये सोडलेला. तो स्वतःच मायक्रोवेव्ह लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्यामुळं ढग असो, रात्र असो, त्याला फरक पडत नाही. संथ पाण्यावर पडलेली लहर पुढं निसटून जाते, सॅटेलाइटकडं परत येत नाही, म्हणून साचलेलं पाणी काळंभोर दिसतंय. घरं आणि गावठाण पांढरं चमकतंय, शेत मधल्या राखाडी रंगात.

मे महिन्यातली एक इमेज आणि मोठा पाऊस होऊन गेल्यावरची एक इमेज, दोन्ही पिन करायच्या आणि कंपेअर वर जाऊन मधली पट्टी डावीकडं-उजवीकडं सरकवायची. मी घरात टेबलावर लॅपटॉप ठेवून हे करत होतो, काका मागं येऊन उभे राहिले. "काय बघालास रे एवढं?" म्हणाले. मी म्हटलं, काका, हे आपलं शिवार, हा काळा डाग म्हणजे पाणी. त्यांनी चष्मा लावला, बोटानं त्या डागाच्या कडेवरून हळूहळू फिरवत गेले, आणि कुणाची जमीन कुठं संपते ते एकेक नाव घेत सांगत गेले. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, हितं पाणी न्हाई, हितं रोप लावायला चिखल केलेला असणार, ह्यांची लावणी आमच्या नंतर असती.

आणि ते बरोबर होतं. लावणीसाठी पाणी भरून चिखल केलेलं शेत रडारमध्ये पुराच्या पाण्यासारखंच काळं दिसतंय. आपल्या भागात कोण धूळवाफ म्हणजे कोरड्या मातीत पेरणी करतंय, कोण रोपलावणी, त्यामुळं जुलैमध्ये हे दोन्ही मिसळलेलं असतंय. आणि भात उंच झालेला असेल आणि त्यात पाणी उभं असेल तर लहर पाण्यावर आपटून धाटावर आणि परत वर अशी जाते, मग तेच शेत काळं दिसायच्या ऐवजी उलट जास्त पांढरं दिसतंय. हे कुठलं बटण दाबून सुटत नाही. ज्याला शिवार माहीत आहे असा माणूस शेजारी बसवला तरच इमेजचा अर्थ नीट लागतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण बाहेर बसून नुसते नकाशे करणाऱ्यांचे रिपोर्ट मी वाचलेत आणि त्यात आमचं चिखलाचं शेत पूरग्रस्त आणि पाण्यात बुडालेलं शेत कोरडं असं दाखवलं तर त्याचा फटका शेतकऱ्यालाच बसणार.

दुसरी मर्यादा वेळेची. सेंटिनेल-१ आपल्यावर साधारण बारा दिवसांनी त्याच मार्गानं येतो. नाल्याचं पाणी चार दिवसांत उतरलं आणि सॅटेलाइट सातव्या दिवशी आला तर त्या पुराची नोंदच नाही. कृष्णेच्या पुराचं तसं नसतंय, तिथं पाणी जास्त दिवस थांबतंय. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय ना सगळ्यांना, चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी, तिकडं कोल्हापूर-सांगली. मे २०१९ आणि ऑगस्ट २०१९ च्या रडार इमेज शेजारी ठेवून बघा. यडूर-कल्लोळच्या बाजूला जिथं दूधगंगा कृष्णेला मिळते तिथं नदी कुठली आणि शेत कुठलं ते ओळखू येत नाही. वर्गात मुलांना हे दाखवण्यासारखं दुसरं साधन मला तरी सापडलेलं नाही. पूरप्रवण क्षेत्र ही व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा त्यांचं स्वतःचं गाव त्या काळ्या पट्ट्यात आहे की बाहेर आहे हे त्यांनाच शोधायला लावा.

तारखा निवडताना एक सांभाळा. रडारच्या दोन इमेज एकाच दिशेच्या पाहिजेत. सॅटेलाइट एकदा उत्तरेकडून दक्षिणेकडं जातो, एकदा दक्षिणेकडून उत्तरेकडं, आणि दोन्ही वेळा जमिनीकडं वेगळ्या बाजूनं बघतो. एक इकडची एक तिकडची घेतली तर डोंगराळ भागात जिथं काही बदललेलं नाही तिथंसुद्धा बदल दिसायला लागतो. फिल्टरमध्ये असेंडिंग-डिसेंडिंग असा ऑप्शन आहे, दोन्हीसाठी एकच ठेवा. आणि डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१ बी बंद पडला, त्याच्या जागी १ सी डिसेंबर २०२४ मध्ये गेला, मधल्या काळात तारखा कमी असल्या तर कारण हे आहे.

आता हिरवाईबद्दल, कारण ह्याच्यावर जास्त गैरसमज आहेत. एनडीव्हीआय म्हणून एक लेअर आहे. झाडाचं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं, ह्या दोघांच्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की उणे एक ते एक मध्ये आकडा मिळतो, जास्त आकडा म्हणजे जास्त हिरवं पीक. फुकट अकाउंट काढून लॉगिन केलं की आपल्या शेताभोवती रेघ ओढता येते आणि वर्षभराचा आलेख निघतो. कुठला सर्व्हे नंबर कुठून कुठपर्यंत हे कळत नसेल तर मोबाइलवर दिशांक ॲप आहे, कर्नाटकातल्या जमिनीचे सर्व्हे नंबर त्यात नकाशावर दिसतात, शेतात उभं राहून बघायचं आणि मग इथं तशी रेघ मारायची.

आमच्या शिवाराचा आलेख बघण्यासारखा असतोय. पावसाळ्यात भाताचा मोठा उंचवटा, नोव्हेंबरच्या आसपास सुगी झाली की खाली, आणि मग भात कापलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरलेला असतो त्याचा लहान उंचवटा जानेवारीत. उसाचा आलेख वेगळा, वर गेला की महिनोन् महिने वरच. अवकाळी पाऊस होऊन सुगी लांबली की मसुरीचा उंचवटा उशिरा चालू होतो आणि बुटका राहतो, हे वर्षावर्षाचे आलेख एकाखाली एक ठेवले की लगेच कळतं. आमच्याकडचे जुने लोक म्हणतात पाऊस आता वेळेवर जात नाही, त्या म्हणण्याला तारीखवार आधार मिळायचा असेल तर तो इथं मिळतो.

पण हिरवं वाढलं म्हणजे पर्यावरण सुधारलं असं कुणी सांगायला लागलं तर लगेच मान हलवू नका. अथणी-रायबागकडं नदीवरून लिफ्टनं पाणी आणून ऊस केला की नकाशावर हिरवं वाढतंय, पाऊस तेवढाच किंवा कमी असला तरी. तिकडं खानापूरला भीमगड अभयारण्याच्या बाजूला दाट जंगल आहे, तिथं हा आकडा आधीच वरच्या टोकाला पोचलेला असतोय, जंगल आतून थोडं विरळ झालं तरी आकडा फारसा हलत नाही. आणि अकेशियाची लागवड आणि मूळचं जंगल, दोन्ही त्याला हिरवंच. जंगलतोडीचा मोठा पट्टा, नवीन रस्ता, खाणीचा खड्डा हे लगेच सापडतं, साध्या रंगातसुद्धा, पण जंगलाची जात आणि तब्येत ह्या एका आकड्यावरून ठरवू नका. ती बघायला तिथं पायी जावं लागतंय. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही नद्या ह्याच खानापूरच्या डोंगरात उगम पावतात, त्यामुळं ह्या जंगलाबद्दल कुणी घाईघाईनं हिरवा नकाशा दाखवून सगळं ठीक आहे म्हणाला तर मला फार त्रास होतो.

धरणांसाठी मात्र हे झकास आहे. राकसकोप, हिडकल, सौंदत्तीचं रेणुकासागर, तिन्ही मी बघतो. पाण्याचा लेअर लावला की काठ अगदी स्वच्छ दिसतो. जून २०२३ मध्ये पाऊस लांबला होता, बेळगाव शहरात पाण्याची चिंता लागली होती, त्या उन्हाळ्यातल्या राकसकोपच्या इमेज जानेवारीपासून एकापुढं एक लावा, टाइमलॅप्स बनवायची सोय आहे, पाणी कसं आत आत सरकत गेलं आणि कडेची माती कशी उघडी पडत गेली ते दिसतंय. हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं जुनं देऊळ वर येतं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, ते देऊळ पिक्सेलमध्ये ओळखायला जाऊ नका, पण त्या बाजूचा काठ किती मागं गेला ते मोजता येतंय. फक्त हे पाण्याचं क्षेत्रफळ आहे, किती टीएमसी आहे ते ह्यातून थेट निघत नाही, त्याला धरणाची खोली माहीत पाहिजे.

असंच कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाचं. दर पुरात वाद होतो, आलमट्टीच्या फुगवट्यामुळं पाणी मागं चढलं की नाही. मला बरेच जण विचारतात, सॅटेलाइटवर बघून सांग की. मी नाही सांगत. इमेज पाणी कुठंपर्यंत पसरलं ते सांगते, पाण्याची उंची सांगत नाही. आणि लोक ज्या फुकट उंचीच्या नकाशावर हिशोब करतात तो एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून मोजलेला, त्याच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते. आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर, आणि वाद चाललाय थोड्याच मीटरच्या फरकावर, तिथं असा नकाशा कसा पुरणार? त्याला नदीवर बसवलेल्या मोजपट्ट्यांच्या रोजच्या नोंदी, धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे आणि नदीच्या पात्राचा नीट सर्व्हे पाहिजे.

आता कापलेला स्टार. हवामान बदल असा शब्द वापरायचा असेल तर ही साइट एकटी कमी पडते. सेंटिनेलचा रेकॉर्ड अजून दहा वर्षांच्या आसपासचाच. हवामानाची सरासरी जागतिक हवामान संघटना तीस वर्षांची धरते, आत्ता १९९१ ते २०२० ही चालू आहे. दहा वर्षांत दोन महापूर आणि एक कोरडं वर्ष आलं म्हणून पाऊसमान कायमचं बदललं असं सिद्ध होत नाही, शंका घ्यायला जागा आहे एवढंच. मागं जायचं असेल तर अमेरिकेचे लँडसॅट सॅटेलाइट. त्यातला पहिला १९७२ चा, आणि १९८२ पासून तीस मीटरच्या इमेज आहेत, २००८ पासून सगळ्या फुकट. नुसतं बघायचं असेल तर गूगल अर्थवर टाइमलॅप्स आहे, १९८४ पासून बेळगाव शहर कसं पसरलं ते एका मिनिटात दिसतंय. हिशोब करायचा असेल तर गूगल अर्थ इंजिन, शिक्षण आणि संशोधनासाठी फुकट, पण तिथं थोडं कोडिंग शिकावं लागतंय. आमच्याकडची बीएससी, बीसीएची पोरं हे सहज करू शकतात, कुणीतरी त्यांच्यासमोर आपल्या भागाचा प्रश्न ठेवायला पाहिजे एवढंच.

पावसाच्या बाबतीत आपला जिल्हा अवघड आहे. कणकुंबी, आमगावकडं हजारो मिलिमीटर, आणि त्याच जिल्ह्यात अथणीला पाचशे-सहाशेच्या आसपास. सॅटेलाइट आणि मोजमाप मिसळून केलेला चिर्प्स नावाचा पावसाचा डेटा १९८१ पासूनचा आहे, चांगला आहे, पण त्याचा एक चौकोन साडेपाच किलोमीटरचा. घाटाच्या कडेला साडेपाच किलोमीटरमध्ये पाऊस किती बदलतो ते जांबोटीहून कणकुंबीला पावसाळ्यात गेलेल्या माणसाला विचारा. म्हणून आपल्या भागात जमिनीवरचा पर्जन्यमापक सोडून चालणार नाही. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्रानं ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक बसवलेत, त्या नोंदी आणि ह्या इमेज एकत्र ठेवल्या तर काहीतरी ठाम बोलता येतं.

तापमानाचं पण लक्षात ठेवा, लँडसॅटमधून निघतं ते जमिनीचं तापमान, डांबराचं, पत्र्याचं, मातीचं. आपण बातमीत ऐकतो ते हवेचं. दोन्हीत उन्हाळ्यात खूप फरक असतो. तरीपण बेळगावच्या कॅम्पातली म्हणजे लष्करी छावणीतली जुनी झाडी आणि शहरातल्या दाट वस्तीचा भाग यांची तुलना करायला ते चालतंय, आणि झाडं तोडायचा विषय निघाला की हा नकाशा टेबलावर ठेवण्यासारखा आहे.

वापरायला कसं आहे तर मोबाइलवर उघडतं पण रेघ मारायला, तारखा लावायला लॅपटॉपच बरा. मराठी नाही, कन्नडही नाही, सगळं इंग्लिशमध्ये. पण बटणं मोजकीच आहेत, आठवी-नववीच्या मुलांनी माझ्यासमोर तासाभरात शिकून घेतलं. नेट बेताचं असेल तर सुरुवातीला छोटा भाग झूम करून मगच लेअर बदला. डाउनलोड करून पुढं मोजमाप करायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट आहे, आणि आपल्या गावाची हद्द, नाले, विहिरी त्यात स्वतः काढून ठेवता येतात. नाला जिथं अरुंद आहे तिथं तो ह्या इमेजमध्ये काठाच्या गवतात मिसळून जातो, त्यातला गाळ किती साचलाय ते वरून कळत नाही, त्यामुळं नाल्याच्या कडेनं चालत मोबाइलच्या जीपीएसवर फोटो काढायचे आणि ते क्यूजीआयएसमध्ये टाकायचे, मी असंच करतोय.

वडगाव, शहापूर, येळ्ळूर, अनगोळ, हलगा, बेळगावच्या पूर्वेकडच्या सगळ्या शिवारातल्या लोकांना एक विनंती. पाणी घुसलं की त्याच दिवशी बांधावर उभं राहून लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, तारीख-वेळ दिसू दे, पीक कुठलं आणि कितवा दिवस ते लिहून ठेवा. सॅटेलाइट नेमका त्या दिवशी आला तर तुमच्या फोटोवरून त्याचा काळा डाग पक्का होतो, नाही आला तर तुमचा फोटो हीच एकमेव नोंद. ज्यांच्याकडं मागच्या पावसाळ्यांचे असे फोटो आहेत त्यांनी जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतली लोकेशनची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल द्या. सेंटिनेल-१ च्या कुठल्या तारखा त्याला जुळतात ते मी काढून देतो.